थंड पाण्यात विंग सगळ्यात शेवटी विकत घ्या

मालवण-तारकर्लीला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर डायव्हिंग शिकलेल्या माणसाचा सरंजाम साधारण असा असतो: अंगात ३ मिलिमीटरचा सूट, कमरेला तीन-चार किलो शिसं, पाठीवर ॲल्युमिनियमचं सिलिंडर आणि सेंटरकडून भाड्यानं मिळालेलं जॅकेट. पाणी २७-२८ अंश. हाच माणूस नोकरीनिमित्त इंग्लंडला जातो, तिथल्या क्लबात नाव घालतो आणि पहिल्या पगारात दुकानात जाऊन बीसीडी घेतो, म्हणजे सिलिंडर पाठीवर धरणारं आणि हवा भरली की वर उचलणारं साधन. (जॅकेट आणि विंग हे त्याचे दोन प्रकार: जॅकेट अंगाभोवती फुगतं, विंग पाठीमागे.) क्रम इथेच चुकतो. थंड पाण्यात बीसीडी ही शेवटची खरेदी. आधी सूट, मग सूटच्या आतले कपडे, मग सिलिंडर, मग शिसं. या चारांची बेरीज झाली की किती उचल लागणार ते कळतं. (उचल म्हणजे इथे वर ढकलणारी ताकद, पगारावरची नव्हे.)

उदाहरणाला लेस्टरशायरमधलं स्टोनी कोव्ह घेऊ. जुनी दगडाची खाण, आता पाण्यानं भरलेली. पहिली पायरी ६-७ मीटरवर, पुढची २० च्या आसपास, सगळ्यात खोल भाग ३५ मीटरच्या पुढे. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यांपैकी बरेच जण इथून जातात. हिवाळ्यात पाणी ४-५ अंशांवर येतं. गोडं पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे तेच तळाशी जाऊन बसतं. उन्हाळ्यात वर १८ अंश असले तरी खाली उतरताना एका थरानंतर गारठा अंगावर येतो, आणि वरचं तापमान बघून कपडे ठरवणारा तिथेच फसतो.

आधी सूट

पाणी १२-१४ अंशांच्या वर असेल आणि डाइव्ह अर्ध्या-पाऊण तासाची असेल तर ७ मिलिमीटरचा सेमीड्राय, म्हणजे आत थोडंच पाणी शिरू देणारा निओप्रीनचा सूट, चालतो. पण त्याचा स्वभाव ओळखून घ्या. निओप्रीन म्हणजे रबरात अडकवलेले गॅसचे बुडबुडे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुड्यांचं आकारमान निम्म्यावर येतं. ३० मीटरवर पावावर. पृष्ठभागावर ८ किलो उचल देणारा जाड सूट ३० मीटरवर जेमतेम दोन-तीन किलोचा उरतो. वर असताना बुडण्यासाठी जे शिसं बांधलं, तेच खाली ओझं होतं आणि ते ओझं विंगनं उचलायचं असतं. शिवाय दबलेला सूट ऊबही कमी देतो, म्हणजे जिथे थंडी जास्त तिथेच पांघरूण पातळ.

ड्रायसूट म्हणजे आत पाणी शिरू न देणारा, हवा भरता येणारा सूट. त्यात दोन जाती. निओप्रीनचा ड्रायसूट स्वतः उबदार असतो, पण तो वर सांगितल्याप्रमाणेच दबतो. ट्रायलॅमिनेट म्हणजे दोन कापडांच्या मधे रबराचा थर. हा नुसता रेनकोट. त्याला स्वतःची ऊब नाही आणि उचलही जवळजवळ नाही. दोन्ही आतल्या कपड्यांतून आणि त्यांनी धरून ठेवलेल्या हवेतून येतात. खोलीबरोबर हवा दबते, पण तिथे तुम्ही बटण दाबून हवा भरता आणि उचल पूर्ववत करता. गणित करायला ट्रायलॅमिनेट सोपा. दोन्हींत निवडायचं असेल तर वर्षभर डाइव्ह करणाऱ्यानं ट्रायलॅमिनेट घ्यावा, हे माझं सरळ मत. उन्हाळ्यात आत पातळ फ्लीस, जानेवारीत जाड अंडरसूट, सूट तोच.

आतल्या कपड्यांत सुती बनियन नको. घाम किंवा मनगटातून झिरपलेलं पाणी सूत धरून ठेवतं आणि अंगाला चिकटतं. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस किंवा थिन्सुलेट (बारीक कृत्रिम धाग्यांचं उबदार अस्तर). एक गोष्ट लोक विसरतात: अंडरसूट जाड झाला की शिसंही वाढतं. पातळ फ्लीसवरून जाड थिन्सुलेटवर गेलात तर दोन ते चार किलो फरक पडू शकतो. ऑक्टोबरमध्ये बरोबर बसलेलं वजन जानेवारीत कमी पडतं, आणि ते कळतं डाइव्हच्या शेवटी, सिलिंडर हलकं झाल्यावर, तीन मीटरवर थांबायचं असताना.

सिलिंडर आणि शिसं

भारतात सवयीचं ॲल्युमिनियमचं ११ लिटरचं सिलिंडर भरलेलं असताना पाण्यात किंचित बुडतं आणि रिकामं झालं की दोन किलोच्या आसपास वर ओढतं. म्हणजे तेवढं शिसं केवळ सिलिंडरच्या नावानं वागवायचं. ब्रिटनमध्ये १२ किंवा १५ लिटरचं स्टीलचं सिलिंडर सर्रास मिळतं. ते रिकामं झालं तरी सहसा वर ओढत नाही. ड्रायसूटला शिसं आधीच भरपूर लागतं, त्यामुळे स्टील घेणं शहाणपणाचं.

हवेला वजन असतं हे एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. १२ लिटरचं सिलिंडर २३२ बारपासून ५० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप, आपल्या भोवतालची हवा साधारण एक बार) वापरलं की जवळपास २,१८० लिटर हवा संपते, म्हणजे २.६ किलो. १५ लिटरच्या सिलिंडरला हाच आकडा ३.३ किलो. डाइव्हच्या सुरुवातीला तुम्ही एवढे जड असणं हे बरोबर वजनाचं लक्षण आहे. सुरुवातीलाच तंतोतंत तरंगत असाल तर शेवटी वर फेकले जाल.

म्हणून वजनाची चाचणी डाइव्हच्या शेवटी करायची. सिलिंडरमध्ये ५० बार, खोली ३ मीटर, विंग पूर्ण रिकामी, सूटमध्ये तो दबून अंगाला चिमटे बसणार नाहीत इतकीच हवा. या अवस्थेत सावकाश श्वास घेत स्थिर राहता आलं तर वजन बरोबर. विंगमध्ये अजून हवा ठेवावी लागते आहे? मग एक-एक किलो काढत जा. खाली टिकण्यासाठी पाय मारावे लागतात? मग एक-एक किलो वाढवा. ट्रायलॅमिनेट, मध्यम अंडरसूट आणि स्टीलचं १२ लिटर असलेल्या ७५ किलोच्या माणसाला गोड्या पाण्यात दहा किलोच्या आसपास शिसं लागणं नेहमीचं आहे. त्यात पाठीवरच्या, विंग जिला जोडतात त्या स्टीलच्या प्लेटचं वजनही धरा. हा आकडा सुरुवात म्हणून घ्या. पोटावर चरबी असेल, सूट ढगळ असेल तर वाढेल.

खाणीतून समुद्रात जाताना पुन्हा हिशेब. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड. माणूस, सूट, सिलिंडर, शिसं मिळून १२० किलो होत असतील तर ३ किलो शिसं वाढवावं लागतं. स्टोनी कोव्हमध्ये तालीम करून स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लोला जर्मन युद्धनौकांचे सांगाडे बघायला जाणारे नेमके हे तीन किलो घरी ठेवून जातात. उलट दिशेनं चूक झाली, समुद्राचं शिसं खाणीत वापरलं, तर डाइव्हभर विंगमध्ये तीन लिटर जास्तीची हवा बाळगावी लागते.

सगळं शिसं एकाच ठिकाणी ठेवू नका. दहा किलो एका पट्ट्यात आणि तो पट्टा २० मीटरवर सुटला, तर वर जाणं तुमच्या हातात राहत नाही. विभागणी साधारण अशी ठेवावी: ३ मिलिमीटरची स्टीलची प्लेट अडीच किलोच्या आसपास भरते, ती कायमची. चार किलो सिलिंडरच्या पट्ट्यांवरच्या खिशांत, हेही न सुटणारं. उरलेलं तीन-चार किलो कमरेला, पृष्ठभागावर गरज पडली तर टाकता येईल असं. सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर वजन ठेवलं की डोकं खाली झुकतं, खालच्यावर ठेवलं की पाय. ड्रायसूटवाल्यांचे पाय बहुधा वर जातात. त्यावर घोट्याला अर्धा-अर्धा किलो बांधायचा उपाय सांगतात, पण ते वजन डाइव्हभर लाथाडत बसावं लागतं आणि दम लागतो. त्याऐवजी जड रबरी फिन्स घ्या. पोटरीपाशी सूट फारच ढगळ असेल तर गेटर (पोटरीवरचं घट्ट वेष्टन) बांधा, म्हणजे हवा तिकडे जायला जागाच राहत नाही.

आता विंग

उचलीचं गणित वाईटात वाईट वेळ धरून करायचं. डाइव्हची सुरुवात आहे, सिलिंडर भरलेलं आहे आणि मानेभोवती पाणी अडवणारा सील फाटून ड्रायसूट पाण्यानं भरला. एक गैरसमज आधी काढून टाकू: सूटमध्ये शिरलेलं पाणी तुम्हाला खाली ओढत नाही. पाण्यात पाण्याला वजन नसतं. (शिडी चढताना असतं, आणि भरपूर. तेव्हा पायरीवर थांबून ते निथळू द्यायचं.) नुकसान होतं ते सूटमधल्या हवेनं दिलेल्या उचलीचं, आणि ती आपल्या उदाहरणात ८-९ किलो धरू. त्यात सिलिंडरमधल्या हवेचे २.६ किलो मिळवा: साडेदहा ते साडेअकरा. पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर राहायला आणखी चार-पाच किलो. बेरीज १६ च्या आसपास. म्हणून एका स्टीलच्या सिलिंडरला १६ ते १८ किलो उचलीची विंग. कमरेचं शिसं टाकलंत तर गरज आणखी कमी होते, पण ते गणितात धरू नका, पदरी राहू द्या. जोड सिलिंडर असेल तर हवेचंच वजन पाच किलोच्या वर जातं. तिथे २० ते २३ किलो.

दुसरी कसोटी धक्क्यावरची. भरलेलं सिलिंडर, प्लेट, रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करून ती तोंडापर्यंत आणणारं यंत्र) आणि पट्ट्यांवरचं शिसं, असं सगळं माणसाशिवाय पाण्यात सोडलं आणि विंग फुगवली तर ते तरंगलं पाहिजे. बोटीवरून सामान आधी पाण्यात टाकणाऱ्यांनी हे नक्की बघावं. दहाच्या दहा किलो विंगच्या खिशांत भरलं तर १८ किलोची विंगही काठावर येते. शिसं वाटून ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

प्रवासासाठी म्हणून विकली जाणारी हलकी जॅकेटं १०-१२ किलो उचलीची असतात. मालवणला उत्तम, इथे अपुरी. पण ‘मोठी घेतली म्हणजे चिंता नको’ हेही खरं नाही. जोड सिलिंडरची रुंद विंग एका सिलिंडरला लावली तर तिच्या कडा सिलिंडरभोवती घावनाच्या घडीसारख्या वळतात. हवा घडीत अडकते, वर येताना बाहेर पडायचं नाव घेत नाही, आणि ऐन वेळी एकदम सरकते. एका सिलिंडरची विंग अरुंद असते. गोल, चकतीसारख्या विंगमध्ये हवा एका बाजूकडून दुसरीकडे खालून-वरून दोन्हीकडून जाते. नालाच्या आकाराच्या विंगमध्ये फक्त वरून. दोन्ही चालतात, पण नवख्याला गोल सोपी.

जॅकेट की विंग? जॅकेट वाईट नाही. मात्र फुगल्यावर ते छाती-पोट आवळतं, आणि आत जाड अंडरसूट असला की श्वास घ्यायला अडचण. घ्यायचंच असेल तर दुकानात ड्रायसूट आणि जाड अंडरसूट घालून, पूर्ण फुगवून बघा. टी-शर्टवर घातलेला साइज काही कामाचा नाही. प्लेट आणि एकसंध पट्ट्याची हार्नेस थंड पाण्यात सरस ठरते, कारण ऋतूप्रमाणे पट्टा सैल-घट्ट करता येतो. पट्टा उन्हाळ्याच्या कपड्यांवर बसवलेला असेल तर हिवाळ्यात खांद्याला तीन-चार बोटं सैल करावा लागतो, नाहीतर डावा हात बाहेर निघत नाही. पायांमधून जाणारा पट्टा हवाच. तो नसेल तर फुगलेली विंग पृष्ठभागावर वर सरकून कानाशी येते आणि माणूस मात्र खाली लोंबकळतो.

सिलिंडरचे पट्टे दोन असावेत. स्टीलचं १२ लिटर १७१ मिलिमीटर व्यासात मिळतं, तसंच आखूड आणि २०३ मिलिमीटरचंही. भाड्याचं सिलिंडर बदललं की बकल नव्यानं बसवावं लागतं. नायलॉनचा पट्टा ओला झाल्यावर ताणतो, म्हणून आधी भिजवून मग आवळा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात ढिला पडतो आणि सिलिंडर हळूहळू निसटतं.

ड्रायसूट आणि विंग एकमेकांच्या वाटेत येतात, हे खरेदीआधी तपासा. सूटचा हवा भरायचा व्हॉल्व्ह छातीच्या मधोमध असतो. छातीचा पट्टा त्यावर बसला तर बटण दाबलेलंच राहू शकतं. हवा सोडायचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर. खांद्याचा पट्टा किंवा विंगचा इन्फ्लेटर (हवा भरायची बटणाची नळी) त्यावर आला तर वर येताना हवा निघत नाही. सगळं अंगावर चढवून डावं कोपर खांद्यापर्यंत उचला आणि व्हॉल्व्ह मोकळा आहे का, हे दुसऱ्याला बघायला सांगा. वर येताना तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा.

पाण्याखाली उचल कशानं सांभाळायची, सूटनं की विंगनं, यावर क्लबात हमरीतुमरी होते. सूटनंच करा असं शिकवण्यामागचा हेतू कळतो: नवख्याला वर येताना दोन ठिकाणची हवा सोडावी लागू नये. वजन बरोबर असेल तर सूटमध्ये अडीच-तीन लिटर जास्तीची हवा झेपते. पण चार किलो शिसं जास्त असेल तर तीच हवा सहा-सात लिटर होते, छातीकडून पायांकडे डुचमळते, पाय वर जातात, आणि दंडावरचा व्हॉल्व्ह आता तळाशी असल्यामुळे ती बाहेरही पडत नाही. मी म्हणेन: सूटमध्ये चिमटे थांबतील आणि ऊब टिकेल एवढीच हवा, बाकी सगळं विंगमध्ये.

गोठणं

मालवणला ज्याचा विचारही करावा लागत नाही ते हे प्रकरण, आणि उचलीचे सगळ्यात वाईट अपघात यातूनच होतात. २३२ बारवरची हवा फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) एकदम दहाएक बारवर येते. प्रसरण पावताना ती शून्याच्या खूप खाली थंड होते. फर्स्ट स्टेज भोवतालच्या पाण्यातून उष्णता घेऊन तग धरतो. पाणी २८ अंश असेल तर उष्णता मुबलक, ४ अंश असेल तर जवळजवळ नाहीच. स्प्रिंगभोवती बर्फ होतो, व्हॉल्व्ह उघडा अडकतो, हवा धो धो वाहू लागते. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखाली चाचणी न झालेल्या रेग्युलेटरवर ‘१० अंशांपेक्षा जास्त’ असा शिक्का असतो. तो रेग्युलेटर इथे आणू नका. स्प्रिंगच्या जागी पाणी शिरू न देणारा, सीलबंद फर्स्ट स्टेज घ्या.

हवा जितकी जोरात खेचाल तितकी थंडी जास्त. म्हणून विंगचं बटण, सूटचं बटण आणि श्वास हे तिन्ही एका वेळी नको. बटण अर्धा-एक सेकंद दाबा, सोडा, पुन्हा दाबा. श्वास सोडत असताना भरा, घेत असताना नाही. पाण्यात शिरण्याआधी शून्याखालच्या हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेऊन ‘चालतो का’ बघू नका. श्वासातली वाफ आतच गोठते. तोंडानं विंग फुगवल्यावरही हीच वाफ इन्फ्लेटरमध्ये जाऊन बसते, तेव्हा थंडीत तो सराव टाळा.

इन्फ्लेटर उघडा गोठला तर तुम्हाला काही सेकंदच मिळतात. सूटचा असेल तर डावं कोपर वर करून दंडाच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडत राहा आणि उजव्या हातानं छातीवरची नळी खेचून काढा. विंगचा असेल तर एका हातानं मागच्या बाजूची खालची दोरी ओढून हवा सोडा, दुसऱ्यानं नळी काढा. जाड हातमोज्यांत ती कडी बोटांना लागत नाही. म्हणून मोठ्या कडीची जोडणी, मोठं बटण आणि मोठे हुक बघून घ्या, आणि दुकानात हातमोजे घालूनच हाताळून बघा. सहा मीटरच्या पायरीवर नळी काढणं-लावणं पंधरा-वीस वेळा करा. तेही डाइव्हच्या शेवटी, बोटं बधिर झालेली असताना.

जोड सिलिंडर किंवा दोन तोंडांचा व्हॉल्व्ह वापरणार असाल तर विंगची नळी एका फर्स्ट स्टेजवर आणि सूटची दुसऱ्यावर ठेवा. एक गोठून बंद करावा लागला तरी उचलीचं एक साधन हाती राहतं.

जुनी विंग घेत असाल तर ती गच्च फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली असेल तर बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्व्हच्या बुडात वाळू असेल तर धुऊन काम भागतं; ब्लॅडरच्या (आतल्या हवेच्या पिशवीच्या) शिवणीतून येत असतील तर परत करा. मग नळी जोडून, बटणाला हात न लावता दहा मिनिटं ठेवा. विंग आपोआप फुगू लागली तर इन्फ्लेटरमधला छोटा व्हॉल्व्ह गळतोय. तो गाडीच्या टायरमधल्या व्हॉल्व्हच्याच जातीचा असतो आणि स्वस्तात बदलून मिळतो, पण न बदलता पाण्यात उतरलात तर डाइव्हभर कुणीतरी हळूच वर ओढत असल्यासारखं होईल.

समुद्रातून आल्यावर विंगच्या आत दोन लिटर गोडं पाणी घालून हलवायचं आणि उलटी टांगून निथळू द्यायचं. दोन डाइव्हच्या मधे मात्र निराळी काळजी. बाहेर शून्याखाली तापमान असेल तर इन्फ्लेटरमध्ये राहिलेले थेंब तासाभरात गोठतात. सामान वाऱ्यात उभं करून ठेवू नका, गाडीच्या डिकीत ठेवा. थर्मासमध्ये चहा नेता तसं एका बाटलीत कोमट पाणीही न्या, आणि पाण्यात शिरायच्या अगदी आधी दोन्ही इन्फ्लेटर आणि दंडावरच्या व्हॉल्व्हवर ओता. आधी ओतून गप्पा मारत उभे राहिलात तर तेच पाणी गोठेल.